पानाची परीक्षा

चिपळूण तालुक्यांत, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं, अलोरे नांवाचें गांव आहे. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे वळवून त्यापासून वीज निर्माण करण्याची जी प्रचंड योजना महाराष्ट्रानें पार पाडली, तिच्या तिसऱ्या टप्प्याचें विद्युद्‌गृह याच गांवीं आहे. वर कोळकेवाडीचें धरण आणि खालीं वाशिष्ठी नदी. अशा विद्युद्‌गृहांतील चक्र फिरूं लागण्यापूर्वीं पोलादाची, दाबाची आणि वेगाची किती प्रकारें परीक्षा घ्यावी लागते, हें तेथील साधा कामगारहि सांगूं शकेल. परंतु कुंपणाचा अडुळसा, बांधावरची निर्गुडी किंवा रानांतून आणलेला काविळीचा पाला यांचा रस स्वतः घेतांना, अगर लहान मुलाच्या तोंडांत पिळतांना, अशा कोणत्याहि परीक्षेची आठवण कोणास होत नाहीं. हें एकट्या अलोरे गांवाचें वैशिष्ट्य नव्हे. सबंध कोंकणांत आणि कोंकणाबाहेरहि हाच प्रकार आहे. लोखंडाची परीक्षा आपण घेतों आणि पानाची घेत नाहीं याचें कारण काय, आणि ती घेणें हें आपलें कर्तव्य आहे किंवा नाहीं, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

वरवर पाहतां हा प्रश्न वैद्यांचा व रसायनशास्त्रज्ञांचा आहे. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत त्याचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु कोणती गोष्ट खरी मानावी, किती पुराव्यावर मानावी, आणि आपण चुकलों तर त्याचा दंड कोणी भरावा, हे प्रश्न नीतिशास्त्राचेच आहेत. एखाद्या पानाचा अर्क काढून त्यांत औषधी गुण आहे कीं नाहीं हें पाहूं जाणाऱ्या मनुष्यावर आपल्या समाजांत दोन बाजूंनीं हल्ला होतो. एक पक्ष म्हणतो, ‘आमच्या आजीपणजीनें जें पिढ्यान्‌पिढ्या दिलें, त्याची परीक्षा घेणारा तूं कोण? परीक्षा म्हणजे अविश्वास, आणि पूर्वजांवर अविश्वास म्हणजे कृतघ्नपणा.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘झाडपाल्याची परीक्षा ती काय घ्यावयाची? तो अडाण्यांचा भ्रम आहे. शहाण्यानें त्यावर वेळ दवडूं नये.’ हे दोन पक्ष परस्परांचे हाडवैरी समजले जातात. पण जरा बारकाईनें पाहिलें तर एका गोष्टींत त्यांचें पूर्ण एकमत असल्याचें दिसून येईल. परीक्षा घेऊं नये, हा दोघांचाहि निकाल आहे. एकाला उत्तर ‘होय’ म्हणून आधींच ठाऊक आहे, दुसऱ्याला ‘नाहीं’ म्हणून. आणि ज्याच्या पोटांत तें पान जावयाचें, तो आजारी मनुष्य मात्र दोघांच्याहि विचारांत नाहीं.

प्रथम पूर्वजांच्या अनुभवाचा पक्ष घेऊं. कारण दोहोंत तोच अधिक आदरणीय आहे. अनुभव ही तुच्छ मानण्यासारखी वस्तु नव्हे. कोणतें फळ खावें आणि कोणतें खाऊं नये, हें मानवजातीला कोणत्याहि प्रयोगशाळेनें शिकविलें नाहीं. परंतु अनुभवाच्या डोळ्यांना कांहीं गोष्टी दिसतात आणि कांहीं स्वभावतःच दिसत नाहींत, हा भेद आपण विसरतों. काविळीचेंच उदाहरण घ्या. कोंकणांत कावीळ पसरली म्हणजे भुईआंवळीपासून तों ज्याचें नांव देणारा कधींच सांगत नाहीं अशा पाल्यापर्यंत अनेक औषधें दिलीं जातात, आणि प्रत्येक औषधाचे साक्षीदार गांवोगांव भेटतात. ते खोटें बोलत नाहींत. त्यांना कावीळ झाली होती, त्यांनीं पाला घेतला, आणि ते बरे झाले. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण दूषित अन्नपाण्यांतून येणारी ‘ए’ प्रकारची कावीळ बहुसंख्य रोग्यांत कांहीं आठवड्यांनीं आपोआप ओसरते. जो रोग आपणहून बरा होतो, त्यावर जगांतील प्रत्येक पान औषध ठरतें! कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, असें आपण म्हणतों. शास्त्रकारांनीं यालाच काकतालीय न्याय म्हटलें आहे. साक्षीदार हजार असले तरी हजार वेळां कावळा बसला एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. कावळा न बसतां किती फांद्या मोडल्या, हें कोणीं मोजलेलेंच नसतें.

शिवाय या साक्षीपुराव्यांत एक मोठी उणीव अशी कीं, जे दगावले ते साक्ष देण्यास येत नाहींत. ‘ई’ प्रकारची कावीळ गर्भवती स्त्रीच्या जिवावर बेतूं शकते. तिला चार दिवस पाल्यावर ठेवलें आणि पांचव्या दिवशीं ती गेली, तर ‘आयुष्याची दोरी तुटली’ असें म्हणून तो प्रसंग पाल्याच्या खात्यांतून काढून दैवाच्या खात्यांत टाकला जातो. बरे झालेले सर्व औषधाचे आणि गेलेले सर्व दैवाचे, असा जमाखर्च ज्या वहींत लिहिला जातो, तिच्यांत पान कधींच तोट्यांत येणार नाहीं.

याचें अधिक तीव्र उदाहरण विंचवाचें आहे. कोंकणांतील तांबडा विंचू चावला असतां मंत्र, उतारा आणि नाना प्रकारच्या पाल्यांचे लेप हे उपचार पूर्वापार चालत आले. पुष्कळांच्या अंगांत विष थोडें जातें. त्यांची कळ कांहीं तासांनीं उतरते, आणि लेपाचा लौकिक वाढतो. पण कांहींच्या, विशेषतः मुलांच्या, हृदयावर त्या विषाचा घाला पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरून ते मरतात. चिपळुणाहून मुंबईच्या रस्त्यानें उत्तरेस गेलें म्हणजे रायगड जिल्ह्यांत महाड लागतें. त्या भागांत १९७६ पासून काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं अशा रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची तासातासाची टिपणें ठेवलीं. त्यांचीं निरीक्षणें १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. पुढें १९८६ सालीं प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा या विषबाधेवरील उपयोग त्यांनीं तेथेंच मांडला, आणि जेथें गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीस-चाळीस दगावत, तेथें हें प्रमाण अगदीं थोडक्यावर आलें. जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला दिसली नव्हती ती एका मनुष्याच्या टिपणवहीला कां दिसली? तो पूर्वजांहून बुद्धिमान्‌ होता म्हणून नव्हे. वांचलेले आणि गेलेले हे दोघेहि त्यानें एकाच वहींत लिहिले म्हणून.

अनुभवाला न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे उशिरां येणारें नुकसान. ईश्वरी किंवा सापसंद या नांवानें ओळखली जाणारी वेल सर्पदंशावर वापरण्याची आपल्याकडे जुनी रूढि आहे. या वेलीच्या कुळांतील वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल नांवाचें द्रव्य असतें. १९९३ सालीं ब्रुसेल्स येथील डॉक्टरांनीं असें दाखवून दिलें कीं, वजन घटविण्यासाठीं चिनी वनस्पतींचीं औषधें घेतलेल्या कित्येक स्त्रियांचीं मूत्रपिंडें झपाट्यानें निकामी झालीं. शोधाअंतीं याच कुळांतील वनस्पतीकडे बोट गेलें, आणि पुढें त्यांपैकीं कांहींना मूत्रमार्गाचा कर्करोगहि झाला. आतां असें पाहा कीं, आज घेतलेल्या पाल्यामुळें पांच-दहा वर्षांनीं मूत्रपिंड बिघडलें, तर त्या दोहोंचा संबंध कोणत्या आजीला जोडतां येईल? तिची माया कितीहि मोठी असली तरी तिच्या अनुभवाला इतका लांबचा पल्ला नाहीं. ‘इतकीं वर्षें वापरतों, कोणाला कांहीं झालें नाहीं’ या वाक्यांतील ‘कोणाला कांहीं झालें नाहीं’ याचा खरा अर्थ ‘झालेलें आम्हांस समजलें नाहीं’ एवढाच असूं शकतो.

येथवर वाचून दुसऱ्या पक्षाच्या वाचकास आनंद झाला असेल. पण त्याच्याहि पदरांत फारसें पडण्यासारखें नाहीं. कारण पान हास्यास्पद नाहीं याची साक्ष खुद्द त्याच्या आवडत्या पाश्चात्य वैद्यकाचा इतिहासच देतो. १७७५ सालीं बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांजकडे श्रॉपशरमधील एका वृद्ध स्त्रीचा अंगावरील सुजेवरचा घरगुती नुसखा अभिप्रायासाठीं आला. त्यांत वीसएक वनस्पति होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्राचे जाणकार. गुण असलाच तर तो डिजिटॅलिसच्या पानांत असावा हें त्यांनीं ताडलें. नंतर दहा वर्षें त्यांनीं त्या पानाचें चूर्ण व फांट रोग्यांना देऊन मात्रा ठरविली, पान कोणत्या ऋतूंत खुडावें हें ठरविलें, ओकारी आणि मंदावलेली नाडी हीं विषाचीं चिन्हें नोंदलीं, आणि १७८५ सालीं ग्रंथ लिहिला. निवडक यशस्वी रोग्यांचीच हकीकत देणें सोपें होतें. पण त्यांनीं यश आणि अपयश दोन्हीं छापलीं. त्याच पानापासून हृदयरोगावरील एक महत्त्वाचें औषध जगास मिळालें. म्हातारीचा शब्द त्यांनीं हंसण्यावारी नेला असता तर तें पान तिच्याबरोबरच गेलें असतें. जसाच्या तसा स्वीकारला असता तर त्या पानानें कित्येक मारलेहि असते.

आपल्या अंगणांतील अडुळशाची गोष्टहि अशीच आहे. त्याच्या पानांतील व्हॅसिसीन हें अल्कलॉइड हूपर या संशोधकानें १८८८ सालीं वेगळें केलें, आणि त्याच्या रेणूच्या धर्तीवर घडविलेलें ब्रोमहेक्झिन १९६० नंतरच्या दशकांत खोकल्यावरील औषध म्हणून जगभर गेलें. म्हणजे आजीचा काढा निराधार नव्हता. पण त्याच व्हॅसिसीनमुळें गर्भाशय आकुंचन पावतो असेंहि पुढील प्रयोगांत आढळलें. म्हणजे घरांतील खोकणाऱ्या सर्वांना, गर्भवती सुनेसह, एकाच भांड्यांतून काढा वाढणें हें निर्धास्तपणाचें काम नव्हे. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरील गुण १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें पद्धतशीरपणें मांडला, तेव्हां जुन्या वैद्यांच्या परिचयाची ती मुळी सगळ्या जगाची झाली. परीक्षेनें या वनस्पतींचा अपमान झाला असें कोण म्हणेल?

परीक्षेची ही कल्पना परकी आहे असेंहि कोणी समजूं नये. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, गुराखी, मेंढपाळ आणि रानांत राहणारे लोक औषधींचीं नांवें व रूपें जाणतात. परंतु नुसत्या नामरूपाच्या ज्ञानानें औषधीचें खरें ज्ञान झालें असें होत नाहीं. न जाणलेल्या औषधाला तेथें विष, शस्त्र आणि अग्नि यांच्या पंक्तीस बसविलें आहे. आप्तवाक्याबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति यांनाहि चरकानें परीक्षेचीं साधनें मानलें आहे. तेव्हां परंपरेच्या नांवानें परीक्षा नाकारणारा मनुष्य परंपरेचा अर्धाच भाग वाचतो, असें म्हणणें प्राप्त आहे.

परीक्षा घ्यावयाची तर ती कशी, हेंहि थोडक्यांत पाहिलें पाहिजे. कारण खोट्या परीक्षेपेक्षां परीक्षा नसलेली पुरवली. पहिली पायरी ओळखीची. महाराष्ट्रांत बहुधा जिला ब्राह्मी म्हणतात ती मंडूकपर्णी. इतर ठिकाणीं ब्राह्मी म्हणून ओळखली जाते ती दलदलींत वाढणारी निराळीच वनस्पति. नांव एक आणि झाडें दोन, अशा स्थितींत कोणाचा गुण कोणाच्या नांवें लिहिला गेला हें कसें कळावें? म्हणून खुडलेल्या झाडाचा एक नमुना वाळवून, दाबून, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे पुढें कोणासहि ताळा पाहतां येतो. दुसरी पायरी अर्काची. पान सावलींत वाळवून, कुटून, कोणी पाण्यांत उकळतो, कोणी मद्यार्कांत भिजवितो. आणि निकाल त्यावर फिरतो. चीनमधील श्रीमती तू यूयू यांच्या मंडळीला हिवतापावर ज्या वनस्पतीचा गुण जुन्या ग्रंथांत वाचावयास मिळाला होता, तिच्या अर्कांत तो गुण पुनःपुन्हां सारखा उतरत नव्हता. चौथ्या शतकांतील एका ग्रंथांत ती वनस्पति थंड पाण्यांत भिजवून पिळावयास सांगितली आहे, हें ध्यानांत आल्यावर उष्णतेनें गुण नष्ट होत असावा असें त्यांनीं अनुमान केलें, आणि १९७१ सालीं कमी उष्णतेवर ईथरमध्यें अर्क काढतांच तो उंदरांच्या हिवतापावर पूर्णपणें लागू पडला. तेव्हां ‘नाहीं’ असें उत्तर आलें तरी तें पानाचें कीं आपल्या हाताचें, हें विचारण्याइतकी नम्रता परीक्षकाजवळ असली पाहिजे.

तिसरी पायरी तुलनेची. मद्यार्कांत काढलेला अर्क जंतूंच्या भांड्यांत टाकला आणि जंतु मेले, एवढ्यावरून आनंदानें टाळ्या पिटणें सोपें आहे. पण नुसत्या मद्यार्कानेंहि जंतु मरतात. म्हणून अर्काच्या भांड्याशेजारीं तितक्याच नुसत्या मद्यार्काचें दुसरें भांडें हवें. आणि हें सर्व झालें तरी कांचेच्या भांड्यांतील जंतूला मारणें निराळें, व मनुष्याच्या देहांत रोग बरा करणें निराळें. कांचेच्या भांड्याला यकृत नसतें, मूत्रपिंड नसतें, आणि आशाहि नसते.

ही आशा लहानसहान शक्ति नव्हे. अंतमूळ किंवा पितमारी नांवाची एक वेल आहे. तिचें पान चावून खाल्ल्यानें दमा हटतो अशी समजूत ऐकून दिल्लीच्या डॉ. शिवपुरी यांनीं १९६८–६९ च्या सुमारास तिची परीक्षा घेतली. कांहीं रोग्यांना तें पान आणि कांहींना गुणहीन वस्तु, कोणाला काय दिलें हें रोग्यास व तपासणाऱ्यास ठाऊक नाहीं, अशी ती पद्धत होती. आठवड्याच्या शेवटीं पान घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६२ जणांना बराच आराम वाटला. पण गुणहीन वस्तु घेणाऱ्यांपैकींहि शेंकडा २८ जणांना तो वाटला! हे अठ्ठावीस लोक ढोंगी नव्हते. कोणी तरी आपली काळजी घेत आहे, या जाणिवेनें आणि रोगाच्या स्वाभाविक चढउतारानें त्यांचा श्वास खरोखरच मोकळा झाला असेल. तुलना केली नसती तर हें श्रेयहि पानाच्या पदरीं पडलें असतें. पुढें १९७९ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं त्याच वनस्पतीची पुन्हां परीक्षा घेतली, तेव्हां तिच्यांत व गुणहीन वस्तूंत म्हणण्यासारखा फरक त्यांना आढळला नाहीं. शिवाय या पानानें जीभ हुळहुळते आणि मळमळतें. म्हणजे आपणांस कोणतें पान मिळालें हें रोग्यास जिभेवरून ओळखतां येण्याचा संभव राहतोच. अशा वेळीं प्रामाणिक मनुष्यानें काय म्हणावें? ‘लागू पडतें’ असें नाहीं, आणि ‘थोतांड आहे’ असेंहि नाहीं. ‘अजून ठरलेलें नाहीं’ एवढेंच. हें वाक्य उच्चारणें फार कठीण असतें. त्यानें टाळ्या पडत नाहींत, औषध खपत नाहीं, आणि दोन्हीं पक्षांपैकीं एकाचेंहि समाधान होत नाहीं.

आतां या विषयांतील सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळूं. तुलनेसाठीं कांहीं रोग्यांना जाणूनबुजून गुणहीन वस्तु द्यावी लागते. दम्यानें कासावीस झालेल्या मनुष्याच्या हातीं पोकळ गोळी ठेवणें ही फसवणूक नव्हे काय? हा आक्षेप भावनेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर दोन अटींत आहे. पहिली अट अशी कीं, पान बरें कीं पोकळ गोळी बरी हें खरोखरच कोणास ठाऊक नसावें, आणि ही गोष्ट रोग्याला त्याच्या भाषेंत समजावून त्याची संमति घेतलेली असावी. ‘तुम्हांला यांपैकीं काय मिळेल हें आम्हांलाहि माहीत नसेल’ असें सांगून जो संमति घेतो तो फसवीत नाहीं. ‘हें हमखास गुणकारी आहे’ असें सांगून जो न पारखलेला काढा देतो तोच फसवितो, मग त्याच्या मनांत कितीहि दया असो. दुसरी अट अशी कीं, ज्या रोगावर खात्रीचा उपाय उपलब्ध आहे तेथें तो कोणापासूनहि हिरावून घेऊं नये. महाडच्या ज्या डॉक्टरांचा उल्लेख वर आला, त्यांनीं विंचवाच्या विषावरील प्रतिविषाची परीक्षा घेऊन तिचा निकाल २०११ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. त्या परीक्षेंतील सत्तर रोग्यांपैकीं प्रत्येकाला प्राझोसिन मिळालें होतें. फरक एवढाच कीं कांहींना त्याच्या जोडीला प्रतिविष दिलें गेलें, आणि त्यांना लवकर उतार पडला. ज्ञान वाढलें, आणि त्यासाठीं कोणाचाहि बळी दिला गेला नाहीं. हें एका कोंकणच्या गांवांत झालें हें विशेषतः लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण गरीब आणि खेड्यांतला रोगी म्हणजे प्रयोगासाठीं आयता सांपडलेला देह, असें मानण्याचा मोह शहाण्यासुरत्यांनाहि होतो. यूयूबाईंच्या मंडळीनें १९७२ सालीं आपला अर्क रोग्यांना देण्यापूर्वीं स्वतः घेऊन पाहिला होता. प्रत्येकानें तसेंच करावें असा नियम करतां येणार नाहीं. पण आपल्या चुकीचा पहिला दंड आपण भरावा, ही त्यामागची बुद्धि परीक्षकाच्या अंगीं असावी.

परीक्षा यशस्वी झाली तर कर्तव्य संपलें, असेंहि नाहीं. आपल्या सह्याद्रींत नरक्या नांवाचें झाड आहे. १९६६ सालीं अमेरिकेंत वॉल व वाणी यांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन हें कर्करोगविरोधी द्रव्य वेगळें केलें. तेंच द्रव्य नरक्यांत आहे असें गोविंदाचारी व विश्वनाथन्‌ यांनीं मुंबईच्या गोरेगांवांतील सिबा संशोधन केंद्रांतून १९७२ सालीं दाखवून दिलें. या द्रव्यापासून बनलेलीं औषधें आज कर्करोग्यांना दिलीं जातात, ही केवढी धन्यतेची गोष्ट! पण तेव्हांपासून नरक्याचीं झाडें सह्याद्रींत चोरून तोडलीं गेलीं, आणि ज्याचा गुण सिद्ध झाला तेंच झाड दुर्मिळ होऊं लागलें. याच्या उलट केरळांतील अगस्त्यमलयाच्या कणी लोकांची हकीकत आहे. १९८७ सालीं संशोधकांना डोंगरांत वाट दाखवितांना ते एका वनस्पतीचीं फळें खाऊन थकवा घालवितात असें आढळलें. तिच्यापासून ‘जीवनी’ नांवाचें औषध तयार झालें, आणि त्याच्या हक्काच्या पैशांतील निम्मा वांटा त्या लोकांसाठीं ठेवण्यांत आला. या व्यवस्थेंतहि वाद व उणिवा निघाल्या. तरी ज्यानें पान दाखविलें त्याचें कांहीं देणें लागतें, हें तत्त्व तेथें मान्य झालें, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानें तें आपल्या देशांत कायद्याचें झालें.

परंतु पैशाच्या देण्याआधीं दुसरें एक देणें आहे, त्याची चर्चा क्वचितच होते. खेड्यांतून पान नेलें जातें, त्याचा अर्क शहरांत काढला जातो, निकाल इंग्रजी नियतकालिकांत छापला जातो, आणि ज्या घरांतून पान गेलें त्या घराला तो कधींच कळत नाहीं. तें घर पूर्वींसारखाच काढा उकळीत राहतें. गुण आढळला तर मात्रा किती, आढळला नाहीं तर थांबावें कीं नाहीं, अपाय आढळला तर कोणी टाळावें, हें त्या घरीं जाऊन त्या घरच्या भाषेंत सांगितल्याशिवाय परीक्षा पुरी झाली असें मानूं नये. इंग्रजी शिकलेल्या वर्गानें, ज्यांत प्रस्तुत लेखकहि मोडतो, पाल्याला एक तर हंसावें किंवा सभेंत त्याचे गोडवे गावे, आणि घरीं आजार आला कीं मुंबईच्या डॉक्टरकडे जावें, हा त्या घराशीं प्रामाणिक व्यवहार नव्हे.

याचा अर्थ सर्दीपडशाला तुळशीचा काढा घेण्यापूर्वीं शास्त्रीय निबंध मागावा, असा नाहीं. पुराव्याची अपेक्षा दाव्याच्या व धोक्याच्या मानानें असावी. दोन घोट काढ्यानें घशाला बरें वाटतें, एवढाच दावा असेल तर आजीचा शब्द पुरे आहे. पण मधुमेहाची सुई बंद करा, कर्करोगाची शस्त्रक्रिया नको, साप चावलेल्याला इस्पितळांत नेऊं नका, असे दावे जेव्हां पानाच्या नांवावर केले जातात, तेव्हां आजीचा शब्दच काय, चरकाचा शब्दहि पुरा नाहीं, आणि चरकानें तसा आग्रहहि धरलेला नाहीं.

आपण ज्या श्रद्धेला पूर्वजांवरील श्रद्धा म्हणतों, तिच्यांत पुष्कळदां आळसाचा अंश असतो. आणि ज्या संशयाला शास्त्रीय बुद्धि म्हणतों, त्यांत पुष्कळदां गर्वाचा. दोहोंनाहि कष्ट नकोत. परीक्षेंत मात्र कष्ट आहेत: झाड ओळखण्याचे, वर्षानुवर्षें टिपणें ठेवण्याचे, नकोसें उत्तर आलें तरी तें छापण्याचे, आणि तें परत गांवांत नेऊन सांगण्याचे. आजीनें तें पान दिलें तें नातवाला बरें वाटावें म्हणून. आपलें पान खरें ठरावें म्हणून नव्हे. त्या हेतूशीं इमान राखावयाचें असेल तर पानापेक्षां नातवाकडे अधिक पाहिलें पाहिजे, आणि तसें पाहूं लागलों कीं पानाची परीक्षा घेण्यावांचून दुसरा मार्ग उरत नाहीं.